वेफर्सच्या पाकिटावर कॅलरी किती लिहायच्या?

ताईंनो, "१०० ग्रॅम बटाट्यात ७० कॅलरी, मग वेफर्समध्येही तेवढ्याच" हा हिशेब चुकतो. तळताना पाणी उडून जातं, तेल आत शिरतं. म्हणून काटा जवळ ठेवा.

सोललेल्या १ किलो बटाट्याच्या सुमारे ७०० कॅलरी. तळण्याआधी तेलासकट कढई तोला. गार झाल्यावर, निथळलेलं तेल परत ओतून पुन्हा तोला. समजा १०० ग्रॅम तेल कमी भरलं. १ ग्रॅमला ९ प्रमाणे त्याच्या ९०० कॅलरी. एकूण झाल्या १६००. तयार वेफर्स ३०० ग्रॅम भरले, तर १०० ग्रॅमला सुमारे ५३०. कुठे ७० अन् कुठे ५३०!

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेली एखादी मावशी आपल्याच आकड्यावर विसंबून खाते. प्रत्येक घाण्याला तेल वेगळं लागतं, म्हणून दोन-तीन घाणे मोजा, मगच छापा.