अठ्ठावन्न कुठून आले?

केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालला. तो वापरणाऱ्यांपैकी एकाला वर्गमूळ हवं, दुसऱ्याला साइन-कोसाइन, तिसऱ्याला उत्तर नीट छापून हवं. असं काम करायचं म्हणजे तिघांनीही तेच तेच पहिल्यापासून लिहीत बसायचं. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी काढलेला तोडगा कपाटात मावणारा होता. लिहून तपासलेला प्रोग्रामचा तुकडा कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवायचा. ज्याला हवा त्याने ती पट्टी काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या पट्टीत उतरवायची आणि मूळ पट्टी जागच्या जागी ठेवायची. १९५१ पर्यंत असे ८७ तुकडे जमले. त्याच वर्षी या तिघांचं पुस्तक आलं. त्यात प्रत्येक तुकडा संगणकाच्या किती जागा अडवतो, चालायला किती वेळ घेतो, हेही नोंदलेलं होतं. मला त्या कपाटापेक्षा या नोंदींचं जास्त कौतुक वाटतं. आज कोड ढिगाने मिळतो, बरोबरची चिठ्ठी तेवढी वाटेत गळालेली असते.

हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या संग्रहात हमखास सापडणारा एक तुकडा पाहा. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलं ते घरबसल्या कळावं म्हणून झाकणाच्या आतून एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. तो आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत आलेला आवाज टिपतो आणि मधला वेळ आर्डुइनो हे छोटं, प्रोग्राम करता येणारं बोर्ड मायक्रोसेकंदांत मोजतं. पुढची ओळ सगळीकडे एकच: या वेळेला ५८ ने भागा, सेंटिमीटर मिळतील.

हे ५८ आले कुठून? हवा २० अंश सेल्सियस असताना आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक सेंटिमीटर कापायला त्याला सुमारे २९ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन-येऊन ५८. आता नागपुरात मे महिन्यात हे २० अंश आणायचे कुठून? ४५ अंशांना आवाजाचा वेग ३५८ मीटरच्या पुढे जातो, प्रतिध्वनी लवकर परततो आणि दोन मीटरचं अंतर १९२ सेंटिमीटर दिसतं. अंतर कमी म्हणजे पाणी जास्त. ऐन उन्हाळ्यात टाकीत नसलेलं आठ सेंटिमीटर पाणी पडद्यावर दिसणार! उपाय सोपा आहे. तापमानाचा एक सेन्सर जोडायचा, तापमानाला ०.६०६ ने गुणून त्यात ३३१.३ मिळवायचे, की वेग मिळतो. पण ५८ च्या पोटात २० अंश दडलेत हे कोणी लिहून ठेवलं असेल तरच हे सुचणार.

हाच तुकडा ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डवर नेला तर आणखी एक भानगड. सेन्सर पाच व्होल्टचा सिग्नल परत पाठवतो, ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवावं लागतं, आणि त्या दोन रेझिस्टरांचा कोडमध्ये मागमूसही नसतो.

वेळेचे तुकडे त्याहून बेरकी. आर्डुइनोमधलं मिलिस हे फंक्शन बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगतं. त्याचा आकडा ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत चढतो आणि पुन्हा शून्यावर येतो. याला लागतात ४९.७ दिवस. समजा, बागेचा पंप दहा मिनिटं, म्हणजे ६,००,००० मिलिसेकंद चालवायचा आहे. सुरू करताना आकडा ४,२९,४९,००,००० होता. 'आत्ताची वेळ अधिक सहा लाख' अशी बंद करायची वेळ काढली, तर बेरीज शून्याला वळसा घालून ५,३२,७०४ वर येते. आत्ताचा आकडा त्याहून कितीतरी मोठा, म्हणजे वेळ टळून गेली असं समजून पंप सुरू होताच बंद. त्याऐवजी 'आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ सहा लाखांपेक्षा कमी आहे का?' असं विचारलं, तर चिन्हविरहित पूर्णांकांची वजाबाकी वळशानंतरही बरोबर सहा लाखच देते. टेबलावर तासभर चालवून पाहिलं तर दोन्ही तुकडे सारखेच चोख. आकडा ठेवायला मात्र बत्तीस बिटांचा, चिन्ह नसलेला प्रकार हवा. आर्डुइनो उनोवरचा साधा इंट सोळा बिटांचा असतो, आणि तो ३२,७६७ मिलिसेकंदांतच, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढे, गडबडतो.

बेरजेचा हा घोळ नवशिक्यांपुरता आहे असं समजू नका. जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमवार यादी अर्धी-अर्धी करत शोधणाऱ्या तुकड्यात, दोन टोकांची बेरीज करून तिचे दोन भाग केले होते. यादी प्रचंड मोठी असली की ती बेरीज मर्यादेबाहेर जाई. ही चूक नऊएक वर्षं तिथे होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीर केली.

बटणाच्या तुकड्यातही ५८ सारखाच एक आकडा दडलेला असतो. बटण दाबल्यावर आतले संपर्क एकदा टेकून थांबत नाहीत, ते थरथरतात आणि एका दाबाचे चार-पाच दाब मोजले जातात. आर्डुइनोबरोबर येणाऱ्या डिबाउन्स या उदाहरणात त्यासाठी ५० मिलिसेकंद थांबायला सांगितलंय. जॅक गॅन्सल या अभियंत्याने तऱ्हेतऱ्हेची बटणं शेकडो वेळा दाबून मोजमाप केलं, तेव्हा बहुतेक बटणं सहा-सात मिलिसेकंदांच्या आत स्थिरावली. एकाने मात्र १५७ घेतले. तेव्हा ५० हा आकडा बहुतेकांना पुरेसा, पण आपल्या हातातल्या बटणाशी त्याची ओळख नाही.

म्हणून संग्रह करायचा तर ॲप कोणतं, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. साध्या टेक्स्ट फाइल आणि बदलांची नोंद ठेवणारं गिट एवढं पुरतं. फाइलला नाव कामावरून द्यावं: 'टाकीची पातळी', 'पंप दहा मिनिटं'. सहा महिन्यांनी शोधताना कामच आठवतं, फंक्शनचं नाव आठवत नाही. वरच्या चार ओळींत बोर्ड कोणता, लायब्ररीची आवृत्ती, कोणती पिन कुठे, तुकडा कुठून आणला आणि कोणते आकडे गृहीत धरलेत, हे मराठीत लिहिलं तरी चालतं. शेऱ्यातल्या देवनागरीला आर्डुइनो हरकत घेत नाही. आपल्या टेबलावर चालवून न पाहिलेला तुकडा वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावा.

काही तुकडे तर आपल्यालाच घडवावे लागतात. सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणाऱ्या स्वस्त एलसीडीला देवनागरी येत नाही. त्यातली एचडी४४७८० ही चिप आपण रेखाटलेली फक्त आठ चिन्हं एका वेळी ठेवते, प्रत्येक पाच ठिपके रुंद, आठ उंच. 'पाणी भरले' आणि 'पाणी संपले' हे दोन संदेश घ्या: प, काना, ण, दीर्घ वेलांटी, भ, र, ले, सं. झाली बरोबर आठ! पाच ठिपक्यांत ण बसवताना घाम फुटतो आणि चौकटींमधल्या फटींमुळे शिरोरेषा तुटकच राहते, पण वाचता येतं. एका चिन्हाला आठ आकडे, म्हणजे सगळा मिळून चौसष्ट आकड्यांचा तक्ता.

असा तक्ता दुसऱ्याला देताना परवान्याची एक ओळ घालायला मात्र लोक हमखास विसरतात. परवाना लिहिलेला नसेल तर कायद्याने सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. घेणाऱ्याला तो वाचता येतो, पण आपल्या विकाऊ वस्तूत निर्धास्तपणे वापरता येत नाही. आर्डुइनोच्या डिबाउन्स उदाहरणात तो कोड सार्वजनिक मालकीचा असल्याचं लिहिलेलंच आहे. नाव राहावं असं वाटत असेल तर एमआयटी परवाना चांगला: मूळ लेखकाची नोंद आणि परवान्याचा मजकूर तेवढा ठेवा, बाकी हवं ते करा. जीपीएल या परवान्याखालचा तुकडा आपल्या कोडमध्ये मिसळून ती वस्तू इतरांना दिली, तर आपला कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो. त्यामुळे तो संग्रहात घेतानाच तशी नोंद करावी.