तान्ह्याच्या झोपेतील श्वास

झोपलेले तान्हे बाळ एकाएकी हसू लागले की ‘सटवाई हसवते’ असे आपल्याकडे म्हणतात. त्याच क्षणी त्याच्या पोटाकडे पाहावे. श्वासानेही ठेका सोडलेला दिसतो: काही भरभर श्वास, क्षणभर विराम, पुन्हा घाई. रात्री नातवंडाजवळ जागणाऱ्या आजी-आजोबांचा जीव अशा वेळी टांगणीला लागतो. वाचकहो, या अनियमितपणाचे कारण बहुधा आजारात नसून झोपेच्या प्रकारात असते.

नवजात बाळ दिवसरात्र मिळून सुमारे १६ ते १७ तास झोपते. त्यातील जवळजवळ निम्मी झोप ‘सक्रिय’ असते. पापण्यांखाली बुबुळे फिरतात, हातपाय दचकतात, चेहऱ्यावर भाव उमटतात. डोळ्यांच्या या जलद हालचालींचे शास्त्रीय वर्णन शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. या झोपेत मेंदू कार्यमग्न असतो आणि त्याचे पडसाद श्वासावर उमटतात. बरगड्यांमधील स्नायू सैलावतात. श्वासाचा भार मुख्यतः श्वासपटलावर पडतो. बाळाच्या बरगड्या लवचीक असल्याने पोट वर येताना छाती किंचित आत जाते.

पुढे ‘शांत’ झोप येते. चेहरा निश्चल होतो, श्वास संथ व एकसारखा चालतो. दोन्ही अवस्थांचे एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचे असते.

मेंदूतील श्वसनकेंद्र अद्याप अपरिपक्व असल्याने पाच-दहा सेकंदांचे विरामही पडतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते अधिक आढळतात. वाढीबरोबर कमी होतात.

शंका आल्यास बाळ शांत असताना, घड्याळ समोर ठेवून, पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये; मध्येच विराम आला तर आकडा फसवा ठरतो. मिनिटाला ३० ते ६० श्वास स्वाभाविक होत. ६० वा अधिक भरल्यास पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तितकेच आल्यास बाळाला डॉक्टरांकडे न्यावे.

काही लक्षणे मात्र झोपेची नव्हेत. श्वास २० सेकंद वा अधिक थांबणे, ओठ-जीभ निळसर होणे, प्रत्येक श्वासागणिक कण्हणे, नाकपुड्या फुलणे, बरगड्यांखाली खोल खळगा पडणे, दूध न ओढणे, उठवूनही न उठणे. यांपैकी एकही दिसल्यास दृष्ट काढण्यात किंवा सकाळची वाट पाहण्यात वेळ दवडू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

एरवी बाळाला उताणेच निजवावे. मोहरीची उशी, जाड दुलई त्याच्यापासून दूर ठेवावी आणि दुपट्यात छाती आवळू नये. मग पोटाची हालचालही आपल्याला स्पष्ट दिसते, आणि विनाकारण त्याची झोप मोडावी लागत नाही.