कोंबड्यांमधील लस-प्रतिसादाची आनुवंशिकता

एकच लस समान मात्रेत दिली, तरी सर्व कोंबड्यांना सारखे संरक्षण मिळत नाही. या फरकाचा काही भाग आनुवंशिक असतो. मारेक रोग हे याचे ठळक उदाहरण होय. हंगेरियन पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेला हा रोग हर्पिस कुळातील विषाणूमुळे होतो. त्यात पक्षी लुळा पडतो व त्याच्या अवयवांत गाठी होतात.

कोंबडीच्या १६व्या गुणसूत्रावरील ‘बी’ जनुकसमूहाचा रोगप्रतिकारशक्तीशी निकट संबंध आहे. त्यातील बी-२१ हा प्रकार रोगास प्रतिकार करणारा, तर बी-१९ रोगास बळी पडणारा मानला जातो. लशीची परिणामकारकताही या प्रकारानुसार बदलते. एका प्रकारच्या पक्ष्यांत सर्वाधिक गुणकारी ठरलेली लस दुसऱ्या प्रकारात तशी ठरेलच असे नाही. अमेरिकेतील ईस्ट लान्सिंग येथील संशोधनशाळेच्या ६ व ७ क्रमांकांच्या वंशावळींत ‘बी’ प्रकार एकच आहे; तरीही पहिली रोगप्रतिकारक, तर दुसरी रोगप्रवण आहे. यावरून इतर जनुकांचाही सहभाग दिसून येतो.

मारेक रोगावरील लस गाठींना आळा घालते. परंतु संसर्ग व विषाणूचा प्रसार पूर्णपणे थांबवत नाही. त्यामुळे लस दिलेल्या कळपातही विषाणू टिकून राहतो. म्हणूनच प्रतिकारक्षम पक्ष्यांची निवडक पैदास ही लसीकरणास पर्याय नसून पूरक समजली जाते.