उतरते वजन, सैल कपडे आणि आपला शिलाईचा धंदा

आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची रोजी कपड्यावर चालते. कुणाचा भिवंडी-मालेगावात माग आहे, कुणी उल्हासनगरच्या जीन्सच्या कामावर आहे, कुणाचे गल्लीत शिलाईचे दुकान आहे, तर कुणी आठवडे बाजारात रेडिमेडची हातगाडी लावतो. या धंद्याचे हंगाम सर्वांना ठाऊक आहेत. ईद, दिवाळी, लग्नसराई आणि शाळा उघडण्याचे दिवस. मात्र अलीकडे एक असे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढू लागले आहे की, ज्याला हंगाम नाही. हे गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरांनी 'वजन कमी करा' म्हणून सांगितलेला माणूस. त्याचे कपडे दर दोन-तीन महिन्यांनी सैल होतात. नवे घ्यावेत तर तेही लवकरच सैल होणार, न घ्यावेत तर चारचौघांत लाज वाटते. अशा गिऱ्हाइकाने स्वस्तात कसे भागवावे आणि आपल्या दुकानदार व कारागीर बंधूंनी त्याला कसे सांभाळावे, याचा विचार आज करू.

गिऱ्हाईक किती आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली मधुमेहाची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि सुमारे ३५ कोटी लोकांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. आपल्या लोकांसाठी हे प्रमाण पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच असे धरले जाते. हा घेर बेंबीजवळ मोजतात. पँटची कंबर पोटाखाली बसते, त्यामुळे ३४ ची पँट घालणाऱ्याचा घेरही ३८ भरू शकतो, हे दर्जी मंडळींना सांगायला नको.

त्यात २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरविणारी इंजेक्शने भारताच्या बाजारात आली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाची आहेत आणि त्यांची चर्चा करणे हे या पानाचे काम नव्हे. पण व्यापाऱ्याने एवढे ओळखावे की, चालून, पथ्य पाळून किंवा औषधाने वजन उतरविणाऱ्यांची संख्या वाढणार आहे.

किलो आणि इंच यांचा हिशेब

ढोबळ मानाने एक किलो वजन उतरले की कंबर एक सेंटिमीटरने कमी होते. बाजारातील मापे दोन-दोन इंचांनी चढतात. पँट ३४, ३६, ३८ आणि शर्ट ४०, ४२, ४४. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर. याचा अर्थ साधारण पाच किलो उतरले की एक माप बदलते. आठवड्याला अर्धा किलो अशी बेताची गती धरली तर अडीच महिन्यांनी एक माप गेले. कुणाचे पोट आधी उतरते, कुणाचे अंग, त्यामुळे हा हिशेब प्रत्येकाला तंतोतंत लागू पडणार नाही. परंतु खरेदीचा बेत आखण्यास तो पुरेसा आहे.

समजा, एका किराणा दुकानदाराचे वजन ९० किलो आणि पँट ४० ची आहे. त्याला ७५ किलोवर यायचे आहे. वाटेत तीन मापे बदलणार. प्रत्येक मापाला त्याने ८०० रुपयांच्या दोन पँट आणि ६०० रुपयांचे दोन शर्ट घेतले, तर एका वेळचे २,८०० आणि तीन वेळचे ८,४०० रुपये झाले.

आता दुसरी रीत पाहा. पहिले माप उतरल्यावर जुनेच दोन जोड आत घेतले. पँटचे १२० व शर्टाचे ८० धरले तर दोन्ही जोडांचे ४०० रुपये. दुसरे माप उतरल्यावर दोन जोड नवे घेतले, २,८०० रुपये. तिसऱ्या वेळी तेच आत घेतले, ४०० रुपये. एकूण ३,६००. म्हणजे ४,८०० रुपये वाचले. भाव गावोगाव निराळे असतील, येथे ते उदाहरणादाखल घेतले आहेत. पण वाचलेल्या पैशांतून हाच माणूस वजन स्थिरावल्यावर एखादा चांगला जोड शिवून घेईल आणि तो कुणाकडे शिवेल? ज्याने वर्षभर त्याचे कपडे प्रामाणिकपणे आत घेऊन दिले, त्याच्याकडेच. आमचे सांगणे आहे ते इतकेच. या गिऱ्हाइकाला आज कमी विकणारा पुढे अधिक कमावतो.

घेणाऱ्याने काय पाहावे?

१. खांदा आधी पाहा. वजन उतरताना खांद्याची रुंदी फार बदलत नाही, आणि खांदा व कॉलर दुरुस्त करणे हेच सर्वांत किचकट व महागाचे काम आहे. खांद्यात बरोबर बसणारा शर्ट घ्या. बाजू पुढे आत घेता येतात.

२. नाडी आणि इलॅस्टिक यांना माप नसते. सलवार, पायजमा, कुर्ता, लुंगी हे कपडे दोन-तीन मापे सहज निभावून नेतात. घरात व दुकानात हेच वापरले तर पँटवरील खर्च निम्म्यावर येतो. अंगाबरोबर ताणणाऱ्या कापडाची जीन्स एखादे माप सांभाळते.

३. 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून लहान मापाचा कपडा घेऊन ठेवू नका. तो बहुधा कपाटातच राहतो आणि अंग नेमके कोठून उतरेल हे आधी कुणालाच कळत नाही.

४. सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो. आधी धुवा, मग दर्ज्याकडे न्या.

५. आतले कपडे आत घेता येत नाहीत. ते थोडे घ्या, पण मापाचे घ्या. काटकसर करण्याची ही जागा नव्हे.

६. महिन्यातून एकदा टेपने कंबर व छाती मोजून वहीत लिहा. माप दोन महिने हलले नाही म्हणजे ते स्थिरावू लागले असे समजावे. चांगले कापड शिवायला टाकण्याची वेळ ती.

७. लग्नाची शेरवानी शिवायची असेल तर कापड आधी घ्या, पण कटाई शक्य तितकी उशिरा करा आणि शेवटची ट्रायल समारंभाच्या आठ-दहा दिवस आधी ठेवा. एकदाच घालायची असेल तर भाड्याने घेणे परवडते.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. पूर्वी हजार रुपयांवरील कपड्यास १२ टक्के लागत असे. बिल घेताना हे लक्षात असू द्या.

कारागिरासाठी चार गोष्टी

आपल्याकडे ब्लाउज शिवताना बाजूला कापड राखून दोन-तीन टिपा मारण्याची पद्धत आहे. अंग सुटले की आतली टीप उसवायची, उतरले की आणखी एक टीप आत घालायची. आमच्या आयाबहिणींनी वर्षानुवर्षे एकच ब्लाउज असा वापरला. हीच युक्ती कुर्ता, कमीज आणि पँट यांना लावावी. पँट शिवताना मागच्या मध्यशिवणीत कापड राखले आणि कमरपट्टी मागे जोडाची ठेवली, तर कंबर आत घेणे थोड्या वेळाचे काम होते. रेडिमेड जीन्सची पट्टी बहुधा अखंड असते, ती कापावी लागते, म्हणून तिचे पैसे अधिक सांगावेत.

मागच्या शिवणीतून साधारण दोन इंचांपर्यंत कंबर आत घ्यावी. त्याहून अधिक घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडू लागतात आणि पँट बेढब दिसते. तेव्हा बाजूही उसवाव्या लागतात. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. 'यावर पैसे घालू नका, हा कपडा आता राहू द्या' असे स्पष्ट सांगणारा कारागीर त्या दिवशी शंभर रुपये गमावतो, पण गिऱ्हाईक कायमचे जोडतो.

आत घेतलेले कापड कापून टाकू नका. उतरलेले वजन पुष्कळांचे पुन्हा थोडेफार वाढते. कापलेला कपडा मग कुणाच्याच कामाचा राहत नाही.

तिसरी गोष्ट भावाची. गिऱ्हाइकाला वाटते, एक टीप तर मारायची, तिचे कसले पैसे? पण टीप मारण्यापेक्षा जुनी शिवण न फाडता उसवणे, कड पुन्हा ओव्हरलॉक करणे आणि इस्त्री करून देणे यात वेळ जातो. कामाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा, त्यावर मजुरी ठरवा आणि भावफलक भिंतीवर लावा. 'द्या काय द्यायचे ते' म्हणण्याने कारागिराचे नुकसान होते आणि गिऱ्हाइकालाही संकोच वाटतो. ईदच्या आधीचा पंधरवडा व लग्नसराईची गर्दी सोडून पावसाळ्याच्या मंदीत हे काम आवर्जून घ्यावे. रिकाम्या मशीनला त्याने काम मिळते.

चौथी गोष्ट मापाची. मास्तर टेप लावून मोठ्याने 'कंबर बेचाळीस' म्हणतो आणि पोऱ्या लिहून घेतो, ही आपली जुनी रीत. वजनाने आधीच ओशाळलेल्या माणसाला ती बोचते. माप हळू सांगा किंवा स्वतः लिहा. पोटावर थट्टा नको आणि 'शेठ, किती वाळलात!' हेही नको. स्त्रियांचे कपडे आपण बहुधा मापाच्या कपड्यावरून शिवतो. वजन उतरत असेल तर तो जुना कपडा चुकीचे माप देतो. अशा वेळी घरातील वा दुकानातील स्त्रीने टेपने माप घ्यावे.

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे जरूर आहे. काही प्रयत्न न करता कपडे सैल होत चालले असतील तर ते आनंदाचे लक्षण नव्हे. नियंत्रणाबाहेर गेलेला मधुमेह, क्षयरोग आणि इतर काही आजार यांत वजन असेच आपोआप उतरते. घरच्या माणसांना रोजच्या पाहण्यामुळे ते जाणवत नाही, पण दर्ज्याची टेप आणि वही ते दाखवते. 'भाईजान, दोन महिन्यांत तीन इंच कमी झाले, एकदा डॉक्टरांना दाखवा' एवढे वाक्य एकांतात बोलण्यास काही खर्च येत नाही.

दुकानदार आणि जुने कपडे

रेडिमेड विकणाऱ्यांनी जवळच्या कारागिराशी ठराव करावा. पँट-शर्टाच्या जोडावर सहा महिन्यांत एकदा कंबर आत घेऊन मिळेल, अशी पाटी लावावी आणि कारागिराची मजुरी नफ्यातून द्यावी. न वापरलेला कपडा आठ दिवसांत माप बदलून देण्याची सोय ठेवावी. मोठी मापेही दुकानात असू द्यावीत. वजन उतरवायला निघालेला माणूस प्रथम मोठ्या मापाच्या दाराशीच उभा असतो.

मोठे झालेले कपडे बोहारणीला भांड्यावर देण्याची चाल आहे. त्याआधी त्यातील चांगला जोड गरजूला द्यावा किंवा मुलांच्या मापात कापून घ्यावा. मोठ्या पँटमधून लहान मुलाची पँट सहज निघते आणि कारागिराला तेवढेच काम मिळते.

ज्या कारागिरांना ओव्हरलॉक मशीन घ्यावयाची आहे, त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्यातील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय पहिले १ लाखापर्यंतचे व ते फेडल्यावर दुसरे २ लाखांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तिच्यात तरतूद आहे. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते.

रेडिमेडच्या लाटेत गल्लीतील कित्येक मशीन बंद पडल्या, ही गोष्ट खरी आहे. पण कारखान्यातून हजारोंनी निघणारा कपडा एका माणसाचे उतरते अंग ओळखू शकत नाही. ते ओळखण्याचे काम आजही हाताचे आणि नजरेचे आहे. आपल्या बंधूंनी या कामाला किरकोळ समजू नये. भावफलक लावावा, मापाची वही नीट ठेवावी आणि आलेल्या माणसाला त्याच्या खिशाला परवडेल तोच सल्ला द्यावा. धंद्याची बरकत अशाच विश्वासातून येते.