अवेळी पडलेली ठिणगी

दिवाळीच्या दिवसांत फटाक्याचा आवाज झाला, की मुलांना आनंद होतो. परंतु तसाच आवाज मोटारीच्या इंजिनातून आला, तर तिच्या मालकाचे काळीज धडधडू लागते. या आवाजाला कारागीर 'बॅकफायर' म्हणतात. ज्या क्षणी आणि ज्या ठिकाणी इंधन पेटू नये, त्या क्षणी व त्या ठिकाणी ते पेटले, असा त्या आवाजाचा अर्थ असतो. हे का घडते आणि त्याचे कारण कसे शोधावे, ते एका जुन्या मोटारीच्या उदाहरणाने समजून घेऊ.

अमेरिकेत १९६४ साली 'पॉन्टिअॅक जीटीओ' ही मोटार गाजली. मध्यम आकाराच्या मोटारीत मोठ्या मोटारीचे दांडगे इंजिन बसवावे, अशी तिच्यामागील कल्पना होती. अशा मोटारींना लोक 'मसल कार', म्हणजे पिळदार दंडांच्या मोटारी, म्हणू लागले. पुढे विम्याचे वाढते दर, धुरावरील निर्बंध आणि १९७३ सालची तेलटंचाई यांमुळे त्यांचा बहर ओसरला. तथापि हौशी माणसे आजही या मोटारी जपतात आणि त्यांची जुनी इंजिने सुटी करून नव्याने जोडतात.

मिशिगन राज्यातील एका घरी आजोबा आणि नात अशाच एका कामात गुंतले आहेत, अशी कल्पना करू. मोटार आहे १९६९ सालची शेव्हरोले कमॅरो. तिचे इंजिन ३५० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे असून त्यात आठ सिलिंडर आहेत. वर्षभर खपून दोघांनी ते जोडले. अखेर नातीने किल्ली फिरवली. इंजिन सुरू तर झाले नाहीच. उलट 'फट्' असा आवाज होऊन कार्बुरेटरच्या तोंडातून ज्वाळा बाहेर आली. आजोबांनी तत्काळ किल्ली बंद करावयास सांगितले.

असे का झाले असावे? प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या खालीवर होत असतो. त्याच्या चार फेऱ्यांत एक काम पूर्ण होते. पहिल्या फेरीत दट्ट्या खाली जातो आणि उघड्या आगम झडपेतून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या फेरीत दोन्ही झडपा मिटतात व वर येणारा दट्ट्या ते मिश्रण दाबतो. दट्ट्या वर पोचण्याच्या बेतात असताना स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. तिसऱ्या फेरीत पेटलेला वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. मोटारीला बळ मिळते ते येथेच. चौथ्या फेरीत निर्गम झडप उघडते आणि जळालेला वायू बाहेर लोटला जातो. ठिणगी पडते तेव्हा झडपा मिटलेल्या असतील, तर सारा जोर दट्ट्यावर येतो. आगम झडप उघडी असताना ठिणगी पडली, तर मात्र ज्वाळा आल्या वाटेने कार्बुरेटरकडे धावते.

प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने ठिणगी पोचविण्याचे काम डिस्ट्रिब्यूटर करतो. या इंजिनात ठिणग्यांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा ठरलेला आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २०० ठिणग्या पडतात! लेझीमच्या पथकात एकाचे पाऊल चुकले, तर सारी रांग विस्कटते. येथे तर चुकलेल्या पावलाबरोबर आगही असते.

आवाज कोठून आला, हा कारागिराचा पहिला प्रश्न असतो. तो मागच्या सायलेन्सरमधून आला असेल, तर न जळलेले पेट्रोल तेथवर जाऊन पेटले, असे समजावे. मिश्रणात पेट्रोल फार असणे, एखादी ठिणगी न पडणे किंवा ती फार उशिरा पडणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. तो कार्बुरेटरमधून आला असेल, तर ठिणगीची वेळ चुकली असेल, आगम झडप नीट मिटत नसेल, किंवा एखाद्या फटीतून जादा हवा आत शिरून मिश्रण विरळ झाले असेल. विरळ मिश्रण सावकाश जळते. पुढच्या खेपेस आगम झडप उघडते, तरी ते धुमसतच असते.

नातीला वाटले, की कार्बुरेटर उघडून पाहावा. ज्वाळा तेथूनच आली होती ना! परंतु तसे करणे म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असे झाले असते. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून पाहणे तर त्याहून घातक होते. झडपा उघडणाऱ्या नव्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यांना जोडणीच्या वेळी वंगण लावलेले असते. इंजिन सुरू न होता नुसतेच हळूहळू फिरत राहिले, तर ते वंगण पुसले जाते आणि उंचवटे झिजू लागतात. म्हणूनच असे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले, की ते मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांच्या वेगाने २० मिनिटे चालवितात. त्यामुळे तेलाचा भरपूर शिडकावा होतो. वर्षभराची मेहनत काही मिनिटांच्या उतावळेपणाने वाया गेली असती.

म्हणून आजोबांनी सोप्या तपासणीपासून आरंभ केला. त्यांनी बॅटरीची तार सोडवली आणि पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढला. नातीने त्या छिद्रावर बोट धरले व आजोबांनी पान्याने इंजिन हळूहळू फिरवले. दट्ट्या दोनदा वर येतो; एकदा मिश्रण दाबताना आणि एकदा जळालेला वायू लोटताना. बोटाला हवेचा जोर लागला, तेव्हा पहिली फेरी ओळखू आली. पुढच्या चाकावरील खूण शून्याशी येताच त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडले. आतील फिरता काटा १ क्रमांकाच्या तारेकडे असावयास हवा होता. तो अगदी समोरच्या ६ क्रमांकाच्या तारेकडे होता. डिस्ट्रिब्यूटर अर्ध्या फेऱ्याने उलटा बसला होता! त्यामुळे आगम झडप उघडू लागण्याच्या सुमारास ठिणगी पडत होती.

तो भाग आजोबांनी स्वतः बसवला होता. "चूक माझीच," असे म्हणून त्यांनी तो काढला आणि नीट बसवला. मग नातीने आठही तारा क्रमाने तपासल्या. ५ व ७ या सिलिंडरांच्या तारा एकमेकींना चिकटून गेल्या होत्या, त्या तिने दूर केल्या. हे दोन सिलिंडर शेजारी असून त्यांची पाळीही लागोपाठ येते. त्यामुळे एका तारेतील विजेचा प्रभाव दुसरीवर पडून अवेळी ठिणगी पडू शकते.

किल्ली पुन्हा फिरवण्यापूर्वी आजोबांनी कार्बुरेटरवर हवेची गाळणी बसवली. उसळलेली ज्वाळा ती अडवते. आग विझवण्याचे नळकांडे जवळ ठेवले आणि नातीला बजावले, की चालत्या इंजिनाच्या कार्बुरेटरवर कधीही वाकून पाहू नये. या वेळी इंजिन एका झटक्यात सुरू झाले.

समजा, तरीही ते फटफटले असते, तर? मग पुढची पायरी. हवेची गळती कान देऊन शोधावी, कारण ती सूं असा आवाज करते. नंतर झडपा फार घट्ट तर बसवल्या नाहीत ना, हे पाहावे. कॅमशाफ्टच्या झिजेची शंका त्यानंतर घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कशाचा हे कळत नाही.

यंत्र रुसत नाही, की खोटे बोलत नाही. त्याचा आवाज ही त्याची तक्रार असते. ती शांतपणे ऐकणारा, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा आणि आपल्या हातची चूक कबूल करण्यास न लाजणारा मनुष्यच चांगला कारागीर होतो.