जुनी लेन्स, देवळातली फुलं आणि काही लाडके गैरसमज

मानपाडा म्हटलं की ठाणेकराच्या डोळ्यांपुढे घोडबंदर रोड येतो, डोंबिवलीकराच्या डोळ्यांपुढे कल्याण-शीळ रस्ता. आपल्याला जायचंय ते दुसऱ्या मानपाड्याला, मानपाडेश्वराच्या देवळाकडे. महाशिवरात्रीला शंकराला बेलाबरोबर धोतरा, रुई, आंब्याचा मोहोर वाहतात. अशा दिवशी नव्या कॅमेऱ्यावर जुनी सोव्हिएत लेन्स चढवून फुलं टिपायची हौस असेल, तर आधी काही समज तपासून घेतलेले बरे.

सगळ्यांत लाडका समज असा, की हेलिओस लावली की मागची पानं आपोआप भोवऱ्यासारखी घुमतात. हेलिओस ४४ ही झाईसच्या बायोटारवर बेतलेली ५८ मिमीची लेन्स. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ती १९५८पासून बनू लागली. तिरका येणारा प्रकाश तिच्या नळीच्या कडेला अडतो. त्यामुळे फोटोच्या मधोमध गोल दिसणारे प्रकाशाचे ठिपके कडांकडे बदामी होतात आणि मध्याभोवती फेर धरतात. झालं, एवढंच ते गारूड. पण त्यासाठी मागे ठिपके हवेत: बेलाच्या किंवा पिंपळाच्या पानांतून झिरपणारं ऊन. पाठीमागे देवळाची सपाट रंगवलेली भिंत असेल तर घुमायला काहीच नाही. अ‍ॅपर्चर एफ/४वर आणलं की ठिपके पुन्हा गोलसर होतात, म्हणून एफ/२वरच राहायचं. फुलाच्या फार जवळ गेलं तर मागचं सगळं विरघळून जातं आणि भोवराही हरवतो. फूल साधारण मीटरभर अंतरावर आणि झाड त्याच्या मागे तीन-चार मीटर, ही मला सगळ्यांत जमणारी मांडणी वाटते.

एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५८ची लेन्स ८७ची होते, असं बरेचजण खात्रीने सांगतात. लेन्स ५८चीच राहते. लहान सेन्सर फक्त चित्राचा मधला भाग उचलतो. तोटा असा की भोवरा असतो कडांना, आणि नेमक्या त्याच कापल्या जातात. कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर मेनूत फोकल लेंग्थ हाताने भरावी लागते. तिथेही ५८च भरा, ८७ नव्हे. ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्यायही चालू करायला विसरू नका. नाहीतर कॅमेरा लेन्स लावलेलीच नाही असं समजून ढिम्म बसतो.

‘जुनी लेन्स म्हणजे मॅक्रोच’ हाही एक भ्रम. हेलिओस ४४-२ अर्ध्या मीटरपेक्षा जवळचा फोकस घेत नाही. तेवढ्या अंतरावरून फुलफ्रेमवर सुमारे २३ सेंमी रुंद दृश्य मावतं. धोतऱ्याचं वीतभर फूल त्यात झकास बसतं. प्राजक्ताचं फूल मात्र रुंदीच्या दहाव्या हिश्शात उरतं. त्याच्यासाठी एक्स्टेंशन ट्यूब लावा. वीसेक मिमीच्या ट्यूबने दृश्याची रुंदी ७ ते १० सेंमीवर येते. धोतरा संध्याकाळी उमलतो आणि प्राजक्त पहाटे गळतो, तेव्हा दुपारी बाराला कॅमेरा घेऊन पोचणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. शिवाय या लेन्सवरचं कोटिंग साधं. पांढऱ्या फरशीवरून उसळलेलं ऊन आत शिरलं की चित्र दुधाळ होतं. ४९ मिमीचा रबरी हूड लावा, नसेल तर तळहाताची सावली धरा. चित्र फिकं दिसलं की लोक लेन्सला ‘शार्प नाही’ म्हणतात. बऱ्याचदा कमी असतो तो कॉन्ट्रास्ट.

अ‍ॅडॉप्टरबद्दलही गोंधळ आहे. हेलिओस ४४-२सारखी एम४२ (स्क्रूच्या माउंटची) लेन्स सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर मागते. सोनीच्या मिररलेसमध्ये ते अंतर १८ मिमी, म्हणजे मधे पोकळ नळी बसते आणि काम भागतं. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरमध्ये ते ४६.५ मिमी, म्हणून काच नसलेला अ‍ॅडॉप्टर लावला तर दूरचा कळस कधीच स्पष्ट येत नाही. जवळच्या फुलांना मात्र त्याने काहीच अडत नाही.

‘जुन्या लेन्स किरणोत्सर्गी असतात’ हे काहींबाबत खरं आहे. सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४च्या नंतरच्या आवृत्तीत थोरियमची काच आहे. ती काळाने पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. किरणोत्सर्ग क्षीण असतो, फोटो काढण्यापुरत्या हाताळणीत घाबरण्यासारखं काही नाही. फक्त ती फोडू किंवा घासू नये. हेलिओसमध्ये थोरियम नाही.

राहता राहिली बुरशी. एका लेन्सची बुरशी बॅगेतल्या बाकीच्यांना ‘लागते’ म्हणून लोक धास्तावतात. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना वाढवते ती ओल, आणि डोंबिवलीच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. चामड्याची मूळ पेटी कितीही देखणी असो, ती दमटपणा धरून ठेवते. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवणारेही आहेत. तांदूळ ओल जेमतेम शोषतो, वर त्याची भुकटी फोकसच्या कड्यात जाऊन बसते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा साठाच्या वर गेला की जेल गरम करून पुन्हा वापरा.