पाणी कुठे अडलं?

आमच्या शेलू गावापासून समुद्र लांब. उल्हास नदी मात्र गावाजवळून वाहते, आणि टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून १९२२ पासून सुटणारं पाणी तिला मिळत असल्यामुळे ऐन मे महिन्यातही ती पुरती आटत नाही. काठाला भाजीपाला करणाऱ्यांचे डिझेल पंप चालतात. बोट आमच्याकडे दिसली तर महापुरातच. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा हजाराहून जास्त प्रवाशांना काढायला बोटी आल्या होत्या. वांगणी हे आमचं शेजारचं स्टेशन. तरीही लाँचचं इंजिन का तापतं, हे मला रेवस बंदराच्या धक्क्यावर समजलं नाही. समजलं ते नदीकाठच्या पाच हॉर्सपॉवरच्या पंपापाशी.

त्या पंपाची रचना साधी. नदीचं पाणी ओढायचं, शेताकडे ढकलायचं. डिलिव्हरीच्या पाइपातून बोटभर जाडीची एक नळी इंजिनाकडे फुटते, ते पाणी सिलिंडरभोवती फिरतं आणि गरम होऊन बांधावर पडतं. शेतकरी जाता-येता त्या धारेखाली हात धरतो. कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर काहीतरी बिनसलंय. धारच नसेल तर धावत जाऊन इंजिन बंद करायचं. बोटीच्या इंजिनाची परीक्षाही इथूनच सुरू होते.

डिझेल जाळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा बोटीचा पंखा (प्रोपेलर) फिरवायच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर जाते. उरलेली बहुतेक पाण्यानेच उचलून न्यावी लागते. मोटारगाडीत रेडिएटर आणि समोरचा वारा हे काम करतात. लाँचचं इंजिन तळाला, फळ्यांच्या आड कोंडलेलं. तिथे वारा कुठून येणार? म्हणून समुद्रालाच रेडिएटर करायचं.

पण खारं पाणी थेट सिलिंडरभोवती फिरवलं, तर साधारण साठ अंशांच्या पुढे त्यातले क्षार धातूवर बसायला लागतात. थेट खाऱ्या पाण्यावर चालणारी इंजिनं त्यामुळे मुद्दाम थंडच ठेवतात. बाकीच्यांत पाण्याचे दोन फेरे असतात. एक गोड्या पाण्याचा, कूलंट घातलेला, बंद. तो इंजिनात घुमत राहतो आणि बहुधा ७५ ते ९० अंशांवर असतो. दुसरा खाऱ्या पाण्याचा, उघडा. समुद्रातून आला, समुद्रात गेला. दोघांची गाठ हीट एक्स्चेंजरमध्ये पडते, पण एकमेकांना न शिवता. घरचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, आणि मध्ये नुसता पत्रा. इथे एका जाड नळीच्या जागी बारीक नळ्यांची जुडी असते, त्यांतून थंड खारं पाणी जातं आणि बाहेरच्या तापलेल्या गोड्या पाण्याची उष्णता घेऊन निघतं. बहुतेक लाँचींत हे खारं पाणी शेवटी धुराच्या नळीत सोडतात. म्हणूनच बोटीच्या मागे धुराबरोबर पाण्याचे फवारे पडताना दिसतात.

तर तापमानाचा काटा चढला की आधी मागे जाऊन वाकून बघायचं: पाणी पडतंय का, आणि रोजच्याइतकं पडतंय का? त्यासाठी रोजचं किती ते माहीत हवं. हे बघायची सवय नसलेल्या माणसाला काट्याचा फारसा उपयोग नाही, असं माझं मत.

पाणी पडत असेल तर गिअर काढा, इंजिन हळू करा आणि काही मिनिटं तसंच चालू द्या. तापलेलं इंजिन झटक्यात बंद केलं की आतलं पाणी थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथेच कोंडते. पाणी पडतच नसेल तर मात्र लगेच बंद करा आणि नांगर टाका. गोड्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडू नका. दाबाखाली असलेलं पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, पण झाकण सैल केलं की तेच वाफ होऊन तोंडावर येतं. ब्लॉकवर गार पाणी ओतायचा मोहही टाळा, ओतीव लोखंडाला तडा जातो.

आता खाऱ्या पाण्याच्या वाटेने चला, बाहेरून आत. पहिला सी-कॉक, म्हणजे बोटीच्या तळातली झडप. दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर ती उघडी, आडवा असेल तर बंद. हसू नका, झडप बंद ठेवून इंजिन सुरू करणारे कमी नाहीत. मग गाळणी. झाकण काढलं की आत शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, आणि हल्ली हमखास प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. पिशवी कधी बोटीबाहेर, तोंडावरच चिकटते. इंजिन थांबलं की ओढ संपते, पिशवी सुटून वाहून जाते आणि मिस्त्री येईपर्यंत सगळं ठणठणीत! झाकणाची रबरी रिंगही बघा. शेलूच्या पंपाला सक्शनच्या जोडावर बारीक फट पडली की तो हवा धरतो, पाणी उचलत नाही. इथेही तेच. पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही.

पुढे पंप. खरी गोम बहुतेक वेळा इथेच. पुढची पितळी चकती स्क्रू काढून उघडली की आत फुलासारखं दिसणारं रबरी चाक असतं, तोच इंपेलर. त्याच्या पाकळ्या वाकत, सरळ होत पाणी पुढे ढकलतात. त्याला वंगणही पाण्याचंच, त्यामुळे कोरडा फिरला तर मिनिटभरातही भाजून निघतो. काढून हातात घ्या, प्रत्येक पाकळी मुळाशी वाकवा आणि तडा दिसतो का बघा. एखादी तुटलेली असेल तर नवा इंपेलर बसवून काम संपत नाही. तुटके तुकडे जुळवून मोजा. एक कमी भरला तर तो पुढे एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असणार, आणि आठवड्याभरात तुम्हाला पुन्हा इथेच यावं लागेल.

एक्स्चेंजरच्या नळ्यांत खाडीचा गाळ बसतो, क्षार धरतात. आत गंज रोखायला जस्ताची कांडी बसवलेली असते, ती झिजून तिचाही तुकडा नळीच्या तोंडात बसतो. इथे दोष असेल तर लक्षण निराळं दिसतं: हळू चालवताना काटा जागेवर, वेग दिला की चढतो. मात्र पंख्यात जाळं किंवा दोर गुंडाळला असेल, तळाला शिंपले धरले असतील, तरी अगदी असंच होतं, कारण इंजिनावर बोजा वाढतो. फरक धुरावरून कळतो. बोजा असेल तर धूर काळा येतो आणि बोट नेहमीचा वेग धरत नाही.

मागे पाणी भरपूर पडतंय आणि तरी इंजिन तापतंय, तर गोड्या पाण्याकडे वळा. पूर्ण थंड झाल्यावर टाकीत पाणी किती ते बघा, गोडं पाणी फिरवणाऱ्या पंपाचा पट्टा ढिला आहे का ते दाबून बघा. थर्मोस्टॅटचा, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेचा, संशय असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरबरोबर तापवा; त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला हवा. काटाही खोटं बोलू शकतो, म्हणून इंजिन उघडण्याआधी दुसऱ्या थर्मामीटरने खात्री करा. यातलं काहीच नसेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर बहुधा हेड गॅस्केट गेलंय. तिथून पुढे काम मिस्त्रींचं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. दोन महिने एका जागी उभ्या इंपेलरच्या पाकळ्या वाकल्या तशाच राहतात, आणि बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत दगा देतात. तेव्हा बोट ओढून घेतलीत की इंपेलर काढून डब्यात ठेवा, आणि इंजिनाच्या चावीला चिठ्ठी बांधा: इंपेलर बसवलेला नाही.